कीड व रोगांच्या अचूक छायाचित्रणासाठी इन्फ्रारेड रिमोटचा वापर

छत्तीसगडच्या मैदानी प्रदेशात सप्टेंबर महिन्यात धान पोटरीत येऊ लागते आणि त्याच सुमारास चुडांच्या बुडाशी तपकिरी तुडतुडे दिसू लागतात. रायपूर, धमतरी व दुर्गपासून महाराष्ट्रातील गोंदिया, भंडारा व गडचिरोलीपर्यंतचा पट्टा धानाचाच असल्याने हा प्रश्न दोन्ही राज्यांतील शेतकऱ्यांना सारखाच भेडसावतो. अशा वेळी बांधीत उतरलेला विस्तार कार्यकर्ता किंवा शेतकरी चुडाच्या बुडाचे छायाचित्र घेतो आणि सल्ल्यासाठी कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा तज्ज्ञाकडे पाठवितो. फवारणी करावी की थांबावे, हा निर्णय पुष्कळदा त्या एका छायाचित्रावर अवलंबून असतो.

मात्र धानात आढळणारा प्रत्येक लहान कीटक शत्रू नसतो. मिरीड ढेकूण हा तुडतुड्यांची अंडी व लहान पिल्ले खाणारा मित्रकीटक आहे. त्याची लांबी अवघी ३ मि.मी.च्या आसपास असते व शरीर हिरवट असते. अस्पष्ट छायाचित्रात तो हिरव्या तुडतुड्यासारखा भासतो. दोघांतील खूण शृंगिकांत असते. मिरीड ढेकणाच्या शृंगिका लांब व दोऱ्यासारख्या असतात, तर तुडतुड्यांच्या शृंगिका आखूड असून टोकाला केसासारख्या बारीक होतात. छायाचित्रात शृंगिका दिसल्या नाहीत, तर मित्राला शत्रू समजून फवारणी होऊ शकते. मित्रकीटक मेल्यानंतर तपकिरी तुडतुड्यांचा पुनरुद्रेक होतो, हे धान संशोधनात वारंवार दिसून आले आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. म्हणजे अस्पष्ट छायाचित्राची किंमत शेतकऱ्याला फवारणीचा खर्च आणि पिकाचे नुकसान, अशी दुहेरी मोजावी लागू शकते.

रायपूर हे धान संशोधनाचे जुने केंद्र आहे. इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय येथे १९८७ पासून कार्यरत आहे. पिकांवरील कीड, रोग व तण यांसारख्या जैविक ताणांच्या अभ्यासासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था रायपूरजवळील बरोंडा येथे आहे. महाराष्ट्रात २००९ पासून क्रॉपसॅप प्रकल्पाद्वारे कीड-रोग सर्वेक्षण चालते, तर केंद्र शासनाची राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणाली २०२४ मध्ये सुरू झाली असून तिच्या ॲपवर छायाचित्र पाठवून कीड ओळखता येते. यंत्रणा कितीही प्रगत असली, तरी तिला मिळणारे छायाचित्र स्पष्ट असावे लागते. छायाचित्र स्पष्ट येण्यासाठी उपयोगी पडणारे एक स्वस्त व साधे साधन म्हणजे कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड रिमोट.

छायाचित्र अस्पष्ट का येते?

लहान कीटकाचे छायाचित्र मॅक्रो भिंगाने जवळून घेतले जाते. कीटक जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर उमटत असेल, तर कॅमेरा ०.१ मि.मी. सरकताच प्रतिमाही ०.१ मि.मी. सरकते. २४ मेगापिक्सेलच्या सर्वसाधारण डी.एस.एल.आर. कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे कॅमेऱ्याची ०.१ मि.मी. हालचाल सुमारे २५ पिक्सेलची पुसट रेघ निर्माण करते. ३ मि.मी.च्या कीटकाची केसाएवढी बारीक शृंगिका अशा प्रतिमेत दिसेनाशी होते.

दुसरी अडचण स्पष्टतेच्या खोलीची. एवढ्या जवळून घेतलेल्या छायाचित्रात एफ/४ या छिद्रमानाला जेमतेम एक तृतीयांश मि.मी. भाग स्पष्ट येतो, तर एफ/११ ला सुमारे १ मि.मी. त्यामुळे भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. छिद्र लहान केल्यावर प्रकाश कमी मिळतो. चुडाच्या बुडाशी मुळातच सावली असल्याने शटर १/१५ किंवा १/३० सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढ्या वेळात कळ दाबणाऱ्या बोटाचा धक्काही छायाचित्र बिघडविण्यास पुरेसा ठरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असला तरी हा धक्का पूर्णपणे टळत नाही, कारण बोट कॅमेऱ्यालाच लागते.

तिसरी अडचण कीटकाच्या स्वभावाची. तुडतुड्यांजवळ हात किंवा सावली गेली की ते खोडाच्या दुसऱ्या बाजूला सरकतात किंवा उडी मारतात. छायाचित्रकार दूर उभा राहिला, तर थोड्या वेळाने कीटक स्थिरावतात.

कॅमेऱ्यातील टायमर वापरूनही बोटाचा धक्का टाळता येतो. परंतु टायमर लावल्यानंतर २ किंवा १० सेकंदांनी वारा सुटेल की कीटक हलेल, हे सांगता येत नाही. तारेचा शटर-रिलीज योग्य क्षणी वापरता येतो, पण त्याची तार आखूड असते, ती ओल्या धानात अडकते आणि कॅमेऱ्याला ओढ बसते. कॅमेऱ्याला स्पर्श न करता, दूर राहून, नेमक्या क्षणी शटर उघडण्याची सोय इन्फ्रारेड रिमोट देतो.

रिमोटचे कार्य कसे चालते?

इन्फ्रारेड म्हणजे अवरक्त किरण. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापी ठेवला असता पारा चढलेला दिसला आणि न दिसणाऱ्या या किरणांचा शोध लागला. रिमोटच्या टोकाशी असलेला छोटा डायोड बहुधा ९४० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण सोडतो. वातावरणातील बाष्प याच भागातील सूर्यकिरण काही अंशी शोषून घेते. त्यामुळे या लहरीवर सूर्याचा अडथळा तुलनेने कमी असतो.

तरीही शेतात सूर्याचे अवरक्त किरण रिमोटच्या किरणांपेक्षा कितीतरी प्रखर असतात. मग कॅमेरा रिमोट कसा ओळखतो? सूर्यप्रकाश अखंड असतो, तर रिमोटचा डायोड सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो. कॅमेऱ्यातील ग्राही ठरावीक गतीची उघडझापच टिपतो आणि बाकीचा प्रकाश वगळतो. कॅननच्या रिमोटमध्ये ही गती सेकंदाला सुमारे ३३ हजार, निकॉनमध्ये सुमारे ३८ हजार आणि सोनीमध्ये सुमारे ४० हजार असते.

या उघडझापीवर प्रत्येक कंपनीचा स्वतःचा संकेत चढविलेला असतो. कॅननचा रिमोट दोन छोटे झोत सोडतो. त्यांतील अंतर सुमारे ७.३ मिलिसेकंद असल्यास छायाचित्र ताबडतोब घेतले जाते आणि सुमारे ५.४ मिलिसेकंद असल्यास २ सेकंदांनी. निकॉनचा रिमोट एक लांब झोत, त्यानंतर खंड आणि मग तीन आखूड झोत पाठवितो. यामुळे एका कंपनीचा रिमोट दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर चालत नाही. खरेदी करताना रिमोट आपल्या मॉडेलसाठी आहे याची खात्री करावी.

आपल्या कॅमेऱ्यात ही सोय आहे का?

सर्वच कॅमेऱ्यांत अवरक्त ग्राही नसतो. निकॉनचे डी३३००, डी५३००, डी७१००, डी७२०० हे कॅमेरे एमएल-एल३ या रिमोटने चालतात. कॅननचे ७००डी, ७०डी, ८०डी हे कॅमेरे आरसी-६ या रिमोटने चालतात. याउलट निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी या लोकप्रिय कॅमेऱ्यांत अवरक्त ग्राही नाही. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत ब्लूटूथ रिमोटची सोय असते. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत रिमोट कंट्रोल हा भाग पाहिल्यास नेमकी माहिती मिळते. जुळणारे इतर कंपन्यांचे रिमोट बाजारात काही शे रुपयांत मिळतात. त्यांत नाण्याच्या आकाराचा बटन सेल असतो व तो दीर्घकाळ टिकतो.

काही मोबाइल फोनमध्ये, विशेषतः शाओमीच्या अनेक मॉडेलांत, टीव्ही चालविण्यासाठी अवरक्त डायोड दिलेला असतो. योग्य ॲप असल्यास असा फोन डी.एस.एल.आर. कॅमेऱ्याचा रिमोट म्हणून वापरता येतो.

शेतात वापरण्याची पद्धत

१. सकाळी वारा शांत असताना छायाचित्रण करावे. या वेळी कीटकही कमी चपळ असतात.

२. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा. चिखलात ट्रायपॉडचे पाय रुततात, म्हणून त्यांखाली फळीचे किंवा कौलाचे तुकडे ठेवावेत. चुडाच्या बुडाचे छायाचित्र बांधावरून घ्यायचे असल्यास धान भरलेल्या छोट्या कापडी पिशवीवर कॅमेरा टेकवावा. पिशवी कॅमेऱ्याच्या आकाराप्रमाणे बसते व आधार पक्का मिळतो.

३. ट्रायपॉडवर असताना भिंगातील कंपनरोधक यंत्रणा बंद ठेवावी.

४. छिद्रमान एफ/८ ते एफ/११ ठेवावे.

५. आधी फोकस नीट साधून मग फोकसची कळ मॅन्युअलवर न्यावी. ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. ऑटोफोकस चालू राहिल्यास रिमोट दाबताच कॅमेरा पुन्हा फोकस शोधू लागतो आणि तो न सापडल्यास शटर उघडतच नाही. रिमोट बिघडला, अशी समजूत होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

६. कॅमेऱ्याच्या ड्राइव्ह किंवा रिलीज मोडमध्ये रिमोटचा पर्याय निवडावा. हा पर्याय निवडल्याशिवाय ग्राही जागा होत नाही. निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत ठरावीक मिनिटे संकेत न आल्यास रिमोटची स्थिती आपोआप बंद होते. कीटकाची वाट पाहायची असल्यास मेनूमधून ही मुदत वाढवावी.

७. शक्य असल्यास लाइव्ह व्ह्यू वापरावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्यामुळे आरसा आधीच वर गेलेला असतो व त्याचा धक्का टळतो. लाइव्ह व्ह्यू वापरला नाही, तर नेत्रिका काळ्या कापडाने झाकावी. डोळा लावलेला नसताना मागून आत शिरणारा प्रकाश कॅमेऱ्याचे मोजमाप चुकवितो.

८. चौकटीत कीटकाशेजारी मि.मी.ची पट्टी किंवा आलेख-कागदाचा तुकडा ठेवावा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

९. दीड-दोन मीटर दूर होऊन कीटक स्थिरावण्याची वाट पाहावी आणि वारा थांबताच रिमोट दाबावा. एकाच चौकटीची पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत.

कोठे विशेष उपयोग होतो?

*तुडतुडे व मित्रकीटक :* चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या किंचित वर कॅमेरा रोखून ठेवावा आणि दूर उभे राहावे. तपकिरी तुडतुडे, पाठीवर फिकट पट्टा असणारे पांढऱ्या पाठीचे तुडतुडे, मिरीड ढेकूण व कोळी हे त्याच चौकटीत वेगवेगळे ओळखता येतात.

*जीवाणूजन्य कडा करपा :* पानाच्या कडेने वाळत जाणारे पट्टे पालाशच्या कमतरतेमुळे किंवा वाऱ्याच्या माराने आलेल्या वाळण्यासारखेही दिसतात. पहाटे रोगट पानावर जीवाणूंचे दुधाळ, नंतर पिवळसर होणारे थेंब दिसतात. त्या वेळी प्रकाश मंद असल्याने शटर जास्त वेळ उघडे लागते व रिमोटचा खरा उपयोग होतो. रोगट पानाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरल्यास कापलेल्या टोकातून दुधाळ धार उतरते. कॅमेरा एका जागी ठेवून रिमोटने थोड्या थोड्या वेळाने छायाचित्रे घेतल्यास ही क्रिया तज्ज्ञाला क्रमाने पाहता येते. हा रोग जीवाणूजन्य असल्याने त्यावर साधी बुरशीनाशके लागू पडत नाहीत. म्हणून हे निदान शेतकऱ्याचा व्यर्थ खर्च वाचविते.

*करपा व तपकिरी ठिपके :* करप्याचे ठिपके चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते व मध्ये राखाडी असतात. तपकिरी ठिपके अंडाकृती असतात. सुरुवातीच्या अवस्थेत ठिपके लहान असल्याने हा फरक स्पष्ट छायाचित्रातच कळतो.

*मक्यावरील अमेरिकन लष्करी अळी :* ही अळी भारतात प्रथम मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे आढळली. छत्तीसगडमधील कोंडागाव व बस्तर भागांत मका महत्त्वाचे पीक आहे. अळीच्या डोक्यावरील उलट्या इंग्रजी वाय अक्षराची खूण आणि शेपटाकडील भागावर चौकोनात असलेले चार ठळक ठिपके या तिच्या ओळखीच्या खुणा आहेत. अळी पोंग्यात दडलेली असल्यास तिला कागदावर घ्यावे, कॅमेरा वरून रोखावा व ती थांबताच रिमोट दाबावा.

*रोगाच्या वाढीची नोंद :* एकाच पानाचे दररोज त्याच चौकटीतून छायाचित्र घ्यायचे असल्यास कॅमेऱ्याला हात न लागणे आवश्यक असते. प्रात्यक्षिक क्षेत्रांत उपचारित व अनुपचारित झाडांची तुलना यामुळे विश्वासार्ह होते.

नेहमीच्या अडचणी व उपाय

रिमोट दाबूनही शटर न उघडल्यास प्रथम रिमोट तपासावा. मोबाइलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्यासमोर धरावे व कळ दाबावी. डोळ्यांना न दिसणारे किरण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट किंवा पांढरट चमक म्हणून दिसतात. मागच्या कॅमेऱ्यात बहुधा अवरक्त किरण अडविणारी गाळणी अधिक प्रभावी असते, म्हणून पुढचा कॅमेरा वापरावा. चमक दिसली नाही, तर सेल बदलावा.

चमक दिसूनही कॅमेरा प्रतिसाद देत नसेल, तर ग्राहीवर थेट ऊन पडते का ते पाहावे. प्रखर उन्हात ग्राही भारावून जातो आणि त्याला रिमोटची उघडझाप ओळखता येत नाही. टोपीने किंवा हाताने ग्राहीवर सावली धरल्यास अडचण बहुधा दूर होते. रिमोटचा पल्ला साधारण ५ मीटर सांगितला जातो, पण उन्हात तो बराच कमी होतो.

बऱ्याच कॅमेऱ्यांत ग्राही पुढच्या बाजूला असतो, तर छायाचित्रकार मागे उभा असतो. डी५३०० सारख्या काही मॉडेलांत तो पुढे व मागे दोन्हीकडे आहे. ग्राही फक्त पुढे असल्यास कॅमेऱ्यासमोर बाजूला पांढरा कागद धरावा व रिमोट त्या कागदावर रोखावा. अवरक्त किरण कागदावरून परावर्तित होऊन ग्राहीपर्यंत पोहोचतात. भिंगापुढील मोठ्या सावलीपट्टीमुळे ग्राही झाकला जात नाही ना, हेही पाहावे.

मोबाइलने छायाचित्रण करणाऱ्यांसाठी

बहुसंख्य शेतकऱ्यांकडे डी.एस.एल.आर. कॅमेरा नसतो. मोबाइलचा कॅमेरा इन्फ्रारेड रिमोटने सहसा चालत नाही, पण हेच तत्त्व त्यालाही लागू पडते. मोबाइल छोट्या ट्रायपॉडवर ठेवून ब्लूटूथ शटर-रिमोट वापरता येतो. तारेच्या इयरफोनवरील आवाजाची कळ दाबूनही बऱ्याच फोनमध्ये छायाचित्र घेता येते. यांपैकी काहीच नसेल, तर फोन टेकवून ३ सेकंदांचा टायमर लावावा. पडद्यावर कीटकावर बोट दाबून धरल्यास बऱ्याच फोनमध्ये फोकस त्या जागी बांधला जातो.

येथे एक फरक लक्षात घ्यावा. वन्यप्राण्यांची नोंद ठेवण्यासाठी वापरले जाणारे कॅमेरा-ट्रॅपही इन्फ्रारेडवर चालतात असे म्हटले जाते, पण त्यांची पद्धत निराळी आहे. त्यांतील संवेदक प्राण्याच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेतील बदल टिपतो. तुडतुडा किंवा अळी यांची उष्णता त्याला जाणवत नाही. म्हणून कीटकांसाठी असा कॅमेरा लावून ठेवण्याचा उपयोग होत नाही.

मर्यादा

रिमोट कॅमेऱ्याचा धक्का टाळतो, पण पानाचे हलणे थांबवीत नाही. वारा असल्यास पान कपड्याच्या चिमट्याने काडीला बांधावे किंवा फ्लॅश वापरावा. त्याचप्रमाणे छायाचित्र कीड ओळखण्यास मदत करते, तिची संख्या सांगत नाही. तपकिरी तुडतुड्यांसाठी एका चुडात साधारण १० ही आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते आणि ती ठरविण्यासाठी शेतात तिरपे चालत जाऊन निरनिराळ्या ठिकाणचे चूड हलवून प्रत्यक्ष मोजणी करावीच लागते. शंका राहिल्यास छायाचित्रासोबत रोगट रोपाचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात न्यावा.

तज्ज्ञाकडे छायाचित्रे पाठविताना संपूर्ण शेताचे एक, बाधित चुडाचे एक आणि कीटकाचे किंवा ठिपक्याचे जवळून घेतलेले एक, अशी तीन छायाचित्रे द्यावीत. सोबत वाण, लागवडीची तारीख, पिकाची अवस्था, आधी केलेली फवारणी व चुडामागे मोजलेले कीटक लिहावेत. पहिली दोन छायाचित्रे हातात कॅमेरा धरूनही चांगली येतात. शृंगिका किंवा ठिपक्याची कडा दाखविणारे तिसरे छायाचित्र मात्र स्थिर कॅमेऱ्यावर रिमोटने घ्यावे, कारण फवारणीचा पंप भरायचा की मित्रकीटकांना त्यांचे काम करू द्यायचे, हे बहुधा त्याच छायाचित्रावर ठरते.